तिसऱ्या नंबरचा डोंगर

राजूरच्या स्टँडजवळ चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं, ‘कळसूबाई का रतनगड?’ पाठीवर सॅक घेतलेल्या माणसाला तिसरं ठिकाण असू शकतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. ‘घनचक्कर,’ माझा मित्र म्हणाला. टपरीवाल्याच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. सकाळी सहा वाजता परगावच्या माणसानं आपल्याला असं का म्हणावं, याचा तो विचार करत असावा. मित्रानं घाईघाईनं ‘डोंगराचं नाव आहे, शिरपुंज्याच्या वरचा’ असा खुलासा केला, तेव्हा कुठे चहा कपात पडला.

‘तिकडं भैरोबा हाय,’ तो म्हणाला. ‘भैरोबाला जावा. त्याच्या पुढं काय नाय.’

हे ‘काय नाय’ त्या दिवशी आम्ही आणखी एकदा ऐकणार होतो.

मित्र भूगोलाचा शिक्षक. महाराष्ट्रातली उंच शिखरं त्याला झोपेतून उठवून विचारली तरी तो सांगेल: कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४. पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंत सगळ्या परीक्षांच्या गाइडांत हीच यादी असते आणि पोरं ती पाढ्यासारखी पाठ करतात. वीस वर्षं ती शिकवून झाल्यावर एका उन्हाळ्यात हा गृहस्थ अकोले तालुक्याचा नकाशा मांडून बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की साल्हेर आणि महाबळेश्वर यांच्यामधल्या १२९ मीटरच्या फटीत अख्खे डोंगर सांडलेत. गिर्यारोहकांच्या नोंदींत घनचक्कर १५३२ मीटर आहे, त्याला लागून असलेला गवळदेव १५२२. धोडपसुद्धा महाबळेश्वराहून उंच, पण यादीत त्याचाही पत्ता नाही. म्हणजे राज्यातला उंचीनं तिसरा डोंगर कोणता, या प्रश्नाचं चुकीचं उत्तर त्यानं हजारभर मुलांना बरोबर म्हणून दिलं होतं. ‘निदान एकदा जाऊन त्याची माफी मागू,’ असं म्हणून त्यानं मला गाडीत घातलं.

मला यादीचं फार आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे डोंगराला नुसत्या उंचीवर मान मिळत नाही. कळसूबाईवर देवी आहे. नवरात्रात शेंदूर-बांगड्या घेऊन बाया तिथं चढतात, अवघड कड्यांना लोखंडी शिड्या आहेत, बारी गावात गाड्या लावायला जागा मिळत नाही. साल्हेरवर परशुरामाचं देऊळ आहे आणि पायथ्याशी १६७२ची लढाई आहे, उघड्या मैदानात मराठ्यांनी मोगलांना हरवलं ती. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात साल्हेर आहे, त्याचं भाग्य आणखी उजळलं. पहिल्याला देव मिळाला, दुसऱ्याला इतिहास. तिसऱ्याच्या वाट्याला आलं एक नाव, तेही शिवी वाटावं असं.

घनचक्करची जागा मात्र साधीसुधी नाही. रतनगडाच्या अंगानं निघालेली डोंगररांग कात्राबाई, गवळदेव, घनचक्कर अशी पूर्वेकडे सरकते. तिच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस प्रवरेत जातो, भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात, १९२६ साली पुऱ्या झालेल्या. दक्षिण अंगाचा पाऊस मुळेत उतरतो, आंबितच्या तलावातून राहुरीच्या मुळा धरणाकडे निघतो. डोंगराच्या माथ्यावर हातभर अंतरानं पडलेले दोन थेंब असे पाठ फिरवून चालू लागतात, ते भेटतात पार खाली, नेवासे तालुक्यात, मुळा प्रवरेला मिळते तिथं. त्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी कुठून आलं, हे विचारायचं कारण कुणाला पडत नाही.

शिरपुंज्यात पोहोचलो तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. भात पोटरीत आलेलं, बांधावर तेरडा, आणि डोंगराच्या कमरेपर्यंत ढग. आम्हाला वाटाड्या हवा होता. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा मुलूख, १९८६पासूनचा, आणि पावसाळ्याच्या शेवटी इथं अनोळखी माणसानं गवतात शिरणं शहाणपणाचं नाही. पहिल्या घरी नकार मिळाला, दुसऱ्या घरी हसू. तिसऱ्या घराच्या ओट्यावर पन्नाशीतले एक गृहस्थ दोरी वळत बसले होते. त्यांना मी आता मामाच म्हणेन, कारण दिवसभर तेच म्हणत होतो.

‘भैरोबाला नेतो,’ मामा म्हणाले.

‘घनचक्करला जायचंय.’

‘तिथं काय नाय.’

‘म्हणूनच,’ मित्र म्हणाला. यावर मामांनी दोरी खाली ठेवून आम्हाला नीट न्याहाळलं. आतून मावशींचा आवाज आला, ‘जावा की. कालवडी बघून व्हतील.’ तीन दिवसांपासून घरच्या दोन कालवडी रानातून परतल्या नव्हत्या. बिबट्यानं धरल्या असत्या तर घारी-कावळ्यांनी सांगितलं असतं, म्हणजे त्या वरच कुठंतरी हिरव्या चाऱ्याला लागल्या असणार, असा मावशींचा हिशेब. मामा उठले. आम्ही डोंगराला निघालो आणि मामा कालवडींना, एवढाच फरक होता. मावशींनी नागलीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला आणि पैशांचा विषय काढल्यावर ‘आल्यावर बघू’ म्हणून आत गेल्या.

खिंडीपर्यंतची वाट चांगली मळलेली आहे, कारण ती देवाची वाट आहे. शिरपुंज्याचा भैरवगड हा या भागातला जागता गड. कातळात कोरलेल्या गुहेत भैरोबा, पाण्याची टाकी, जत्रेला भरणारा डोंगर. कडा चढायला पायऱ्या आहेत, अडचणीच्या जागी लोखंडी रेलिंग आहे. म्हातारी माणसं काठी टेकत जाऊन येतात. भैरवगड घनचक्करपेक्षा उंचीनं कितीतरी कमी, पण नवस बोलायला कुणी समुद्रसपाटीपासूनची उंची मोजत नाही. खिंडीत आल्यावर चांगली वाट भैरोबाकडे वळली. घनचक्करच्या बाजूला नुसतं गवत होतं. मामांनी कोयत्यानं ते दुभंगलं आणि आत शिरले.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सगळे थर सारख्या ताकदीचे नाहीत. घट्ट, काळ्या थराचा उभा कडा होतो. त्याच्याखालचा पोकळ, भुगभुशीत थर पावसानं खाल्ला जातो, मातीमुरमाची घसरण होते आणि दोन कड्यांमध्ये अरुंद पट्टा तयार होतो. त्याला आपण पदर म्हणतो. सह्याद्रीतल्या बऱ्याच वाटा अशाच: एका घळीतून वरच्या पदरावर यायचं, कड्याच्या पोटाशी आडवं चालत पुढची घळ गाठायची, तिच्यातून पुन्हा वर. नकाशावर सोपं दिसतं. वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा एकमेकींना चिकटून बसल्यात आणि त्यांच्यामधून बारीक पांढरी जागा जातेय, ती वाट. प्रत्यक्षात ती पांढरी जागा दीड पाऊल रुंद होती, दरीकडे कललेली, आणि तिच्यावर कमरेइतकं ओलं गवत आडवं झोपलेलं. गवताखाली काय आहे, दगड, खड्डा की हवा, हे पाय टाकल्यावर कळायचं.

मित्रानं मला हे थरांचं शास्त्र त्या पदरावरच समजावून सांगितलं. लाल मातीचा पट्टा दाखवला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात लाव्ह्याचा माथा झिजून झालेला असा पट्टा या डोंगरांत जागोजागी भेटतो. मी मान डोलावत होतो आणि मनातून त्या पट्ट्याला शिव्या देत होतो, कारण नेमका तोच सगळ्यात निसरडा होता. पायात माझ्या महागाचे बूट, मामांच्या पायात प्लॅस्टिकच्या सँडल. तरी घसरलो मीच. उजवा पाय गेला, मग डावा, आणि मी गवतावरून बसल्या बसल्या दोन पुरुष खाली आलो. एका कारवीच्या झुडपानं मला अडवलं. वर पाहिलं तर मामा अजिबात घाबरलेले नव्हते. ‘कारवी धरा,’ एवढंच म्हणाले. ‘गवात नाय. गवात संगं येतं, कारवी येत नाय.’

या एका वाक्यानं मला त्या दिवशी वर नेलं आणि खालीही आणलं. कारवीची गंमतच आहे. सात-आठ वर्षं गप्प बसून राहायचं, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळा करायचा आणि मरून जायचं. फुलते तेव्हा शहरातनं गाड्या भरभरून माणसं येतात. इतर वर्षी तिच्या काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून घरांच्या भिंती उभ्या राहतात आणि तिच्या मुळ्या हा असा घसरणारा उतार धरून ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा फुलोरा नव्हता. फुलली होती ती सोनकी, तीही ढगात अर्धी पुसलेली.

शेवटची घळ दगडांनी भरलेली होती. चार हातापायांवर चढलो. एकानं हलवलेला दगड दुसऱ्याच्या डोक्यावर येऊ नये म्हणून एकेक करून. वर आलो आणि चढ संपला. म्हणजे अक्षरशः संपला: पुढं सपाटी. मला टोकदार शिखराची सवय, जिथं पोहोचलो की पोहोचलो. घनचक्करचा माथा म्हणजे ऐसपैस पठार, चढउतारांचं, गवताचं, आणि त्या क्षणी पांढऱ्या ढगात पूर्ण बुडालेलं. मित्राच्या फोनवर कुणीतरी आधी चाललेल्या वाटेची रेघ होती. त्या रेघेवर विसंबून आम्ही अर्धा तास चाललो आणि एका वाकड्या झुडपापाशी आलो, ज्याच्या फांदीला माझा रुमाल लटकत होता. तो मी अर्ध्या तासापूर्वी वाळत घातला होता.

मामा मागे शांतपणे चालत होते. त्यांनी आम्हाला अडवलं का नाही, हे मी विचारलं. ‘तुम्ही यंत्र बघत व्हता,’ ते म्हणाले. मग खांद्यावरची घोंगडी खाली टाकून बसले. चकवा लागला की चालायचं नाही, हा रानातला जुना नियम आहे. चकव्याचं भूत मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण खूण दिसत नसली की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो, हे खरंच आहे. घन म्हणजे ढग आणि त्यात मारलेलं चक्कर, अशी या नावाची फोड मित्रानं तिथल्या तिथं करून टाकली. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणार नाही, पण ओल्या गवतात बसून ऐकायला बरी होती.

ढग हलेना. भाकरी सोडल्या. मामा बोलायला लागले ते डोंगराबद्दल नाही, मजुरीबद्दल. भात झोडून झालं की घरातली दोघं-तिघं नारायणगावच्या बाजूला जातात, टोमॅटो, कांदा, द्राक्षं, मिळेल ते काम. पहाटे नाक्यावर उभं राहायचं, टेम्पोवाला हातानं माणसं निवडतो. होळीला परत. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, व्यापारी ठरवील तो भाव. हिरड्याला चांगली वर्षं येतात तशी वाईटही. बारीतल्या लोकांचं बरं, मामा म्हणाले, त्यांच्या दारात कळसूबाई हाय. जेवणं, मुक्काम, वाटाडे, पार्किंग. मे अखेरीला भंडारदऱ्याकडं काजवे बघायला माणसांची रीघ लागते, तेव्हा तिथल्या पोरांना चार पैसे सुटतात. ‘आमच्याकडं भैरोबाला येत्यात ते आपलेच लोक. ते कशाला पैसं देतील?’

हे ऐकताना मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. अनोळखी डोंगर शोधत आलेल्या माझ्यासारख्याला तो अनोळखीच राहावा असं वाटतं. त्याच्या पायथ्याला राहणाऱ्यानं तसं का वाटून घ्यावं? एक अनवट डोंगर लेखात आला की पुढच्या पावसाळ्यात तिथं शंभर गाड्या लागतात, असं म्हणून लिहिणं टाळणारे मित्र मला आहेत. त्यांचं म्हणणं मला पटत आलं होतं. नारायणगावच्या नाक्याबद्दल ऐकल्यावर पूर्वीइतकं पटत नाही. पण पार्किंगमधून मिळणारा पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो, हेही मी इतरत्र पाहिलं आहे.

मित्रानं विषय राघोजी भांगऱ्यावर नेला. मामांचे डोळे पहिल्यांदा चमकले. महादेव कोळ्यांचा हा बंडकरी याच तालुक्यातल्या देवगावचा. सावकार आणि इंग्रज सरकार दोघांशीही तो लढला, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. मामांना तारीख माहीत नव्हती. पण सावकाराचं नाक कापल्याच्या गोष्टी, रात्रीतून डोंगर ओलांडल्याच्या गोष्टी त्यांनी आजाकडून ऐकल्या होत्या. घनचक्करवर राघोजी आला होता का? ‘आला असंल,’ मामा म्हणाले, ‘पन सांगून थोडाच आला असंल?’ मला वाटलं, पाठलागावर असलेल्याला ज्या डोंगराचं नाव ठाऊक नाही, तो लपायला सगळ्यात बरा.

दीड तासानं वारा सुटला आणि ढग उठला. तो उठला म्हणजे पडदा वर गेल्यासारखा एकदम नाही. आधी पायाखालची सोनकी पिवळी झाली, मग समोरचा उंचवटा दिसला, मग त्याच्या पलीकडचा जरा जास्त उंच उंचवटा. तिथं गेलो. हाच माथा असावा. माझा फोन १५२१ मीटर म्हणाला, मित्राचा १५४०. दोन्ही फोनांनी मिळून गाइडमधली यादी खोटी पाडली, एवढं त्याला पुरलं.

उत्तरेला भंडारदऱ्याचं पाणी शिशासारखं पडलं होतं, त्याच्यापाशी पाबरगड, आणि मागे कळसूबाईची अख्खी रांग, तिच्या टोकाला अलंग, मदन, कुलंग. पश्चिमेला गवळदेवाची पाठ, कात्राबाई, रतनगड, त्याच्या शेजारी अंगठ्यासारखा उभा खुटा, आणि कोकणाच्या काठावर आजोबा. दक्षिणेला हरिश्चंद्रगड तारामतीसकट. नाव असलेले सगळे डोंगर दिसत होते. तारामतीवर आपल्यापेक्षा खाली बघायला मिळतंय, याचा मित्राला झालेला आनंद एखाद्या पोराच्या वर होता.

मग त्याला वाटलं, इथं काहीतरी खूण हवी. चार दगड एकावर एक. पुढच्या माणसाला कळेल तरी माथा कुठं ते. तो दगड शोधायला लागला.

‘नका ठिवू,’ मामा म्हणाले.

‘का?’

‘आज दगड ठिवाल. फुडच्या साली कुनी शेंदूर लावंल. मग नारळ. मग घंटा. मग रेलिंग मागायला आमालाच पंचायतीत जावं लागंल.’

मी हसत सुटलो. देव कसे होतात, यावर मी वाचलेल्या जाडजूड पुस्तकांपेक्षा हे चार ओळींत बरं सांगितलं होतं. मित्रानं तोवर एक चपटा दगड उचललाही होता. त्याखाली बोटभर काळा विंचू नांगी वर करून बसलेला. मित्रानं दगड होता तसाच, होता तिथंच, अतिशय आदरानं परत ठेवला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

उतरताना मामा थांबत थांबत चालले. एकदा जमिनीवर वाकले, शेण बोटानं दाबून पाहिलं. ‘आजचं.’ आल्या घळीनं उतरायचं सोडून त्यांनी आम्हाला पलीकडच्या अंगाला नेलं. तिथं एक झरा होता, हिरव्यागार चाऱ्याचा तुकडा होता, आणि त्यात पोटभर चरून रवंथ करत बसलेल्या दोन तांबड्या कालवडी. एकीच्या गळ्यात लाकडी लोढणं. मामांनी त्यांना शिव्या घातल्या, मग पाठीवरून हात फिरवला, गोचिड्या काढल्या. आमच्याकडे त्यांनी तेवढ्या वेळात एकदाही पाहिलं नाही.

‘ही वाट खिंडीत जाते?’ मित्रानं विचारलं. फोनवर तिथं कसलीच रेघ नव्हती.

‘मला काय ठावं? मी हिकडनं कदी उतारलो नाय.’ मामांनी थोरल्या कालवडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. ती उठली, शेपूट झटकलं आणि कारवीतून खाली चालायला लागली, धाकटी तिच्या मागे. कड्याशी आली की वळायची, घसरण आली की वरून जायची, एका ठिकाणी तर आम्हाला दिसलंच नसतं अशा कपारीतून तिनं पदर बदलला. आम्ही कारवी धरत तिच्या मागे. खिंड लागायला तास लागला, येताना अडीच लागले होते.

खिंडीत भैरोबाहून परतणारं एक कुटुंब बसलं होतं. कपाळाला भंडारा लावलेल्या म्हाताऱ्या आजींनी कालवडींकडे पाहिलं, मग चिखलानं माखलेल्या आमच्याकडे.

‘कुटं गेलता?’

मित्रानं हात वर करून दाखवला. डोंगर पुन्हा ढगात गेला होता.

‘तिथं काय हाय?’

‘कालवडी व्हत्या,’ मामा म्हणाले, आणि जनावरं गावाच्या वाटेला लावली.